दिवाळखोर सभागृह आणि आपला सातबारा



लवासाचं दिवाळं वाजलं, ही खबर आता सगळ्या पाड्यांवर पोचली आहे. गणपतीच्या दिवसांत आम्ही ज्या ज्या पाड्यावर गेलो तिथे पहिला प्रश्न हाच, "मग आता जमीन माघारी मिळंल ना?" कुणी हसत विचारत होतं, कुणी खरंच विचारत होतं. एका म्हाताऱ्या बाबांनी तर एवढंच विचारलं की राब कधी भाजायचा. कंपनी बुडाली म्हणजे जमीन आपसूक सुटली, असं त्यांना वाटतंय. तसं होत नसतं. उलट येत्या दीड महिन्यात आपण गप बसलो तर जमीन होती त्याहून लांब जाईल, म्हणून हा लेख. मागच्या बैठकीत यावर एकमत झालेलं नाही. आम्हा तरुण पोरापोरींचं मत काय आहे ते आम्ही इथे मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकासाठी लिहून द्यावं, स्टेन्सिल आम्हीच कापू.

आम्ही पाच जण पुण्याहून तिकडे जाऊन आलो. दोघं पुण्यात वसतिगृहावर राहणारे, तिघं गावाकडचे. चांदणी चौक, पिरंगुट, मुठा, मग टेमघर धरणाच्या अंगाने घाट चढून वर. पुण्यापासून साठेक किलोमीटर. घाट उतरला की खाली पाण्याच्या कडेने दासवे दिसतं. म्हणजे दासवे गाव दिसत नाही, तांबड्या-पिवळ्या रंगाच्या चार-पाच मजली इमारती दिसतात. इटली देशात पोर्तोफिनो म्हणून समुद्रकाठचं एक गाव आहे, त्याच्यासारखं हे बांधलंय. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून पाणी अडवून तळं केलं. आमच्यातली एक म्हणाली, "तिकडं इटलीत कुणी दासव्यासारखं गाव बांधलं असंल का गं?" आम्ही हसलो, पण परत येताना गाडीवर कुणी बोलत नव्हतं.

तिथे एक मोठं सभागृह आहे. आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन सेंटर. दीड हजार माणसं बसतील एवढं. आम्ही गेलो त्या दिवशी काही कार्यक्रम नव्हता. बाहेरून फिरून पाहिलं. कन्व्हेन्शन सेंटर म्हणजे काय, हे पाड्यावर परत येऊन सांगायला आम्हाला जड गेलं. सभामंडप म्हणावं तर मंडप नाही, समाजमंदिर म्हणावं तर समाज नाही. शेवटी एका काकांनीच सोपं केलं, "म्हंजे लई मोठी चावडी, पण गावाची नाही."

बरोबर आहे. मोठ्या कंपन्या आपली माणसं दोन-तीन दिवस तिथे आणतात, डॉक्टरांच्या परिषदा होतात, लग्नं होतात. आलेली माणसं हॉटेलात राहतात, जेवतात, संध्याकाळी तळ्याकाठी फिरतात आणि त्यातल्या काहींना वाटतं, इथे आपलाही एक फ्लॅट असावा. असं सभागृह भाड्यावर चालत नाही, आजूबाजूच्या जमिनीचा भाव वाढवण्यावर चालतं. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात मिठी नदीच्या दलदलीवर भराव घालून जी नगरी उभी राहिली तिथेही २०१८ ला असंच भलंमोठं केंद्र बांधत होते. पुण्याच्या पलीकडे मोशीला २०१८ ला प्रदर्शन केंद्राची योजना होती, तीही नवनगर प्राधिकरणाने शेतकऱ्यांकडून घेतलेल्या जमिनीवर. ते प्राधिकरण १९७२ सालचं, आणि परताव्याच्या जमिनीसाठी तिथले शेतकरी २०१८ लाही भांडत होते. जिथे अशी चावडी येते तिथली खरी चावडी आधी उठते, एवढं आम्ही समजून चाललो आहोत.

आता एक आपबिती. आम्ही आठवीत-नववीत असताना आमच्यातल्या तिघांना आश्रमशाळेतून पुण्याला एका मोठ्या हॉलच्या कार्यक्रमाला नाचायला नेलं होतं. हॉलचं आणि कार्यक्रम करणाऱ्यांचं नाव इथे नको, त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. टेम्पोतून गेलो. तिथे गेल्यावर एका बाईंनी पिशवीतून कपडे काढले, तर ते पानांचे घागरे. प्लास्टिकची पानं. आम्ही म्हटलं, आमच्यात असं कुणी नेसत नाही. बाई म्हणाल्या, पूर्वी नेसत असतील. घरी आल्यावर आम्ही आजीला विचारलं. आजी म्हणाली, "माझी आजी लुगडंच नेसायची, आन् ते फाटलेलं असायचं, ते नाही का दाखवीत?" तर ती पानं कमरेला बांधून आम्ही कांबड नाच केला. टाळ्या पडल्या. नंतर आम्हाला मागच्या दाराने एका खोलीत नेलं, तिथे वडापाव. पुढे खुर्च्यांवर भाषणं चालू होती, विषय होता आदिवासी विकास. आम्हाला ऐकायचं होतं. पडद्यामागून जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं, कारण एसीचा आवाज मोठा होता.

हे आम्ही रडगाणं म्हणून सांगत नाही. सांगायचं कारण असं, की लवासाच्या त्या सभागृहाबद्दल जेव्हा आम्ही माहिती काढायला लागलो तेव्हा आम्हाला तो पडदा आठवला.

२०१० सालच्या डिसेंबरात लवासात इंक नावाची एक मोठी परिषद झाली. जगभरातून हुशार हुशार माणसं बोलायला आली होती. परिषदेचा विषय होता, न सांगितलेल्या गोष्टी. आणि आलेल्या पाहुण्यांत होते जेम्स कॅमेरून. हे कोण, तर 'अवतार' सिनेमा काढणारे. आपल्या पोरांनी मोबाइलवर पाहिला असेल, निळ्या माणसांचा. त्यात एक कंपनी येते, जंगलात राहणाऱ्या लोकांच्या पवित्र झाडाखाली खनिज आहे म्हणून त्यांना उठवायला बघते, आणि ते लोक लढतात. सगळ्या जगाने डोळे पुसत तो सिनेमा पाहिला. आम्हालाही आवडला.

आता तारखा लक्षात घ्या. २५ नोव्हेंबर २०१० ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने लवासाला नोटीस काढली, पर्यावरण परवानगी घेतली नाही म्हणून काम आहे तसं थांबवा. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत त्याच खोऱ्यात ही परिषद. मुगावचे कातकरी तिथून काही किलोमीटरवर. न सांगितलेल्या गोष्टी सांगायला आलेल्या पाहुण्यांच्या अगदी शेजारी एक गोष्ट बसलेली होती, सातबारा हातात घेऊन. पाहुण्यांना आम्ही दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलं नसेल. पण आम्हाला असं वाटतं की सभागृहाचं कामच ते असतं. आत बोलणाऱ्याला बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून भिंती जाड करतात.

आता जमिनीकडे येऊ. नवीन साथींसाठी थोडक्यात सांगतो, जुन्यांना हे पाठ आहे.

राज्य सरकारने १९९६ ला नवीन थंड हवेची ठिकाणं खाजगी कंपन्यांनी वसवावीत म्हणून नियम केले. २००१ ला मोसे खोऱ्यातली मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावं त्यासाठी जाहीर झाली. दासवे, मुगाव, धामणओहोळ, कोळोशी, आडमाळ अशी ही गावं. २००२ ला कृष्णा खोरे महामंडळाने वरसगाव धरणाच्या पाण्याकडेची १४१ हेक्टर जमीन कंपनीला तीस वर्षांच्या भाड्याने दिली. ही जमीन मूळची शेतकऱ्यांची, धरणासाठी म्हणून घेतलेली. धरण पुण्याला पाणी पाजतं, त्याला आमची ना नाही. पण धरणासाठी म्हणून काढून घेतलेली जमीन पोर्तोफिनोसाठी कशी दिली, हा प्रश्न तेव्हाही विचारला होता आणि त्याचं उत्तर अजून यायचंय. २००८ ला तर कंपनीलाच तिथलं नियोजन प्राधिकरण केलं, म्हणजे घर बांधणाराच घराचा नकाशा मंजूर करणार. ते २०१७ ला काढून घेतलं. मधे २०११ च्या नोव्हेंबरात पर्यावरण खात्याने अटी घालून पहिल्या टप्प्याला परवानगी दिली होती, पण तोवर कर्ज डोंगराएवढं झालेलं. आणि ऑगस्ट २०१८ च्या अखेरीला, मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने लवासा कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण दाखल करून घेतलं.

मुळशी तालुक्याला हे नवीन नाही, हेही सांगून ठेवतो. १९२१ ला टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मावळे उठले होते, तीनेक वर्षं लढले. शेवटी गावं पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. त्या सत्याग्रहाची पुस्तकं आहेत, पुण्यात भाषणं होतात. पण बुडालेल्या गावांत जे कातकरी नि ठाकर दुसऱ्याच्या बांधावर राहत होते, ज्यांच्या नावावर बुडायला जमीनच नव्हती, त्यांचं काय झालं हे त्या भाषणांत आम्हाला अजून ऐकायला मिळालेलं नाही.

लवासासाठी जमीन कशी घेतली, यावर कोर्टात, चौकशीत, पेपरात पुष्कळ झालं. आदिवासींच्या नावची जमीन आणि सीलिंगमधे वाटलेली जमीन नियम मोडून फिरली, असे आरोप झाले. कंपनीने ते नाकारले, आपण सगळं रीतसर विकत घेतलं असं म्हटलं. आमचं म्हणणं, प्रत्येक गट नंबर वेगळा तपासा. सगळेच व्यवहार खोटे असं आम्ही म्हणत नाही, कारण काही लोकांनी राजीखुशीने विकल्याचं ते स्वतः सांगतात. पण कायदा काय म्हणतो ते प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे. जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आहे, १९७४ सालापासून. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर कलेक्टरची परवानगी आधी लागते, आणि त्यासाठी कलेक्टरला सरकारची मंजुरी लागते. हे कलम सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते जुन्नर आणि आंबेगावच्या काही गावांत. मुळशी-वेल्ह्यात पेसा लागू नाही. तलाठी मग काय सांगतो, "तुमच्याकडं आदिवासी कायदा नाही." चूक. पेसा नाही, ३६-अ आहे. परवानगी नसताना व्यवहार झाला असेल तर कलेक्टरने चौकशी करून ती जमीन सरकारकडे घ्यायची आणि मूळ आदिवासीला आधी विचारायचं. सीलिंगच्या जमिनीलाही कलेक्टरची परवानगी लागतेच. म्हणून तर सातबाऱ्यावर वर्ग २ लिहिलेलं असतं.

कागदावर विकता येत नाही ती जमीन तरी फिरते. कशी फिरते ते आपल्याच खोऱ्यात आपण पाहिलंय, त्यासाठी लवासाला जायची गरज नाही. आधी मुखत्यारपत्र होतं, मग साठेखत. मग एखादा ओळखीचा माणूस घरी येतो, पोराचं आजारपण असतं नाहीतर वीटभट्टीची उचल फिटायची असते, तो पंधरा हजार देतो आणि अंगठा घेतो. फेरफार दोन वर्षांनी कळतो. कधी आदिवासीच्याच नावाने दुसऱ्या आदिवासीकडून घेतात आणि मागे पैसा तिसऱ्याचा. आमच्या पाड्यावरच्या एका घराचं असंच झालं. त्या माणसाचं नाव लिहायची आमची इच्छा होती, बैठकीने नको म्हटलं.

बरं. आता दिवाळखोरी म्हणजे काय ते सांगतो. हे आम्हाला पुण्यातल्या एका वकील ताईंनी दोन रविवार बसून समजावलं, आम्हाला समजलं तेवढं लिहितो.

२०१६ ला नवीन कायदा आला. कंपनी कर्ज फेडत नसेल तर तिचा कारभार मालकांकडून काढून न्यायाधिकरण एक माणूस नेमतं. तो सगळी मालमत्ता मोजतो, आणि कुणाकुणाचं किती येणं आहे त्याचे अर्ज मागवतो. ज्यांनी पैसे कर्जाऊ दिले त्यांची समिती बसते. कंपनी कुणाला विकायची, केवढ्याला विकायची, हे ती समिती मतदानाने ठरवते. मतदान माणसागणिक नाही, रुपयागणिक. ज्याचं येणं मोठं त्याचं मत मोठं. २०१८ ला मुदत १८० दिवस, वाढवून २७० होती. २०१८ लाच कायद्यात दुरुस्ती होऊन फ्लॅट घेणाऱ्यांनाही समितीत जागा मिळाली. चांगलं झालं, त्यांनीही कष्टाचे पैसे भरलेत, बँकेचे हप्ते भरतायत आणि घर मिळालेलं नाही. आमचं त्यांच्याशी भांडण नाही. पण बघा, ज्याने आठ-दहा वर्षांमागे फ्लॅट नोंदवला त्याला खुर्ची मिळाली. ज्याच्या वरईच्या माळावर तो फ्लॅट उभा आहे, त्याच्यासाठी त्या खोलीत बाकडंसुद्धा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रकरण दाखल झालं की त्या दिवसापासून स्थगिती लागते. कंपनीविरुद्ध कुठल्याही कोर्टात, कुठल्याही अधिकाऱ्यापुढे नवीन दावा घालता येत नाही आणि जुना पुढे चालत नाही. हायकोर्टाची रिट वेगळी, पण प्रांताकडे, कलेक्टरकडे कंपनीचं नाव घालून जमिनीची केस लावायला गेलो तर हेच दाखवतील. म्हणजे बाबांनी राब भाजायचा विचार चालवलाय, आणि इकडे त्यांचा अर्जच बर्फात ठेवलाय.

त्या दरम्यान कंपनीची मालमत्ता म्हणून काय मोजलं जाणार? इमारती, रस्ते, ते सभागृह, आणि जमीन. जमिनीची यादी कंपनीच्या कागदांवरून होणार. आपला वादाचा गट नंबर त्या यादीत गेला आणि उद्या कुणी नव्याने कंपनी घेतली, तर तो म्हणेल, मी न्यायाधिकरणाकडून घेतलंय, मला आधीचं काही माहीत नाही. मग आपली पोरं पुढची वीस वर्षं त्याच्याशी भांडणार. म्हणून आम्ही म्हटलं की जमीन लांब जाईल.

यावर करायचं काय, यात मतभेद आहेत. आपल्यातल्या काही जुन्या साथींचं म्हणणं असं, की येणं असलेल्या बाकीच्या लोकांसाठी एक अर्ज असतो, तो भरावा. प्रकरण दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर अखेरपर्यंत. एकरी आजच्या भावाने रक्कम लिहावी. मिळालं तर मिळालं, निदान नाव तरी नोंदेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे आम्ही मान्य करतो. नाव कुठेच नसणं हा आपला जुना रोग आहे. ज्या घरात आज खायला नाही त्याला तुम्ही तत्त्व सांगू नका, असंही एक काका बोलले. ते आम्हाला लागलं, कारण ते खरं होतं.

तरीपण आमचं मत वेगळं आहे. त्या अर्जात आपण रक्कम लिहिली की आपणच लिहून दिलं, जमीन कंपनीची झाली आणि आमचे पैसे बाकी आहेत. आपण घेणेकरी झालो. मग आपला प्रश्न फक्त किती रुपयांचा उरला. आणि रुपये तरी मिळतील का? कंपनी मोडून वाटणी करायची वेळ आली तर रांग ठरलेली आहे. प्रक्रियेचा खर्च पहिला, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची थकबाकी, मग इतर नोकर, मग बिनतारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, मग आपल्यासारखे इतर. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको की शेवटच्याला काय मिळतं. त्या दोन पैशांसाठी आपण हातातला एकच मुद्दा देऊन टाकायचा?

आपला मुद्दा असा आहे. दिवाळखोराच्या घरात शेजाऱ्याचा बैल बांधलेला असेल तर लिलावात तो बैल निघत नाही. शेजाऱ्याने बैलाची किंमत मागायची नसते, दावं सोडायला सांगायचं असतं. या कायद्यातही दुसऱ्याच्या मालकीची, कराराने नुसती ताब्यात असलेली मालमत्ता मोजायची नाही असं म्हटलेलं आहे. महामंडळाची भाड्याची जमीन तर उघडच कंपनीची नाही. आणि ३६-अ ची परवानगी नसताना झालेला व्यवहार टिकणारा नसेल तर तीही जमीन कंपनीची झालीच नाही, असं आपल्याला म्हणता येतं. न्यायाधिकरण ते ऐकेलच असं वकील ताईंनी सांगितलेलं नाही. उलट अवघड आहे असंच त्या म्हणाल्या. पण हरकत लेखी गेलेली असेल तर पुढे येणारा घेणारा "मला माहीत नव्हतं" असं म्हणू शकणार नाही, एवढं नक्की.

म्हणून आम्ही सुचवतो की अर्ज नको, हरकत द्यावी. प्रत्येक गट नंबरची वेगळी, कुटुंबाच्या नावाने, न्यायाधिकरणाने नेमलेल्या माणसाला आणि त्याची प्रत कलेक्टरला. कलेक्टरला आणखी एक मागणी, की कुठल्या कुठल्या गटांची ३६-अ खाली, सीलिंगखाली चौकशी झाली किंवा व्हायची आहे त्याची यादी त्यांनीच न्यायाधिकरणाला द्यावी. कायदा मोडला गेला का हे बघणं त्यांचं काम आहे, आपल्या दारात फिरणाऱ्या एजंटचं नाही. ज्यांची जमीन सातबाऱ्यावर कधी आलीच नाही, जे पिढ्यान् पिढ्या वनखात्याच्या हद्दीत नाचणी करत आले, त्यांचा मार्ग वेगळा, २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा. त्यांनी या हरकतीत नाव घालायला गर्दी करू नये, दोन्ही प्रकरणं कच्ची होतील.

वनहक्काचं निघालंच आहे तर. २०१८ च्या मार्चमधे नाशिकहून मुंबईला जो मोर्चा चालत गेला, त्यात हजारो आदिवासी होते. पायांना फोड आलेल्या बायांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. १२ मार्चला सरकारने लेखी दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. सहा महिने सप्टेंबरात भरले. आपल्या तालुक्यात किती निकाली निघाले ते आपण सगळे जाणतो.

आणि शेवटी ग्रामसभेचं. आमच्यातल्या काहींना वाटतं की ग्रामसभेचा ठराव ही औपचारिकता आहे, टाइप करून सह्या घ्यायच्या. असं करू नका. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ ला सांगितलं, ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात बारा गावांच्या सभा झाल्या. डोंगरावरच, उघड्यावर, न्यायाधीश समोर बसलेले. डोंगरिया कोंध बायामाणसं एकेक करून उठली आणि आपल्या भाषेत बोलली. बाराच्या बारा सभांनी नाही म्हटलं आणि खाण थांबली. काही काही सभांना पन्नास माणसंही नसतील. त्यांना 'अवतार'मधली माणसं म्हणून जगातल्या पेपरांनी नाव दिलं होतं, पण खाण सिनेमाने थांबली नाही, ठरावाने थांबली. तिकडे पेसा होता, वनहक्क होता, आपली बाजू तेवढी भक्कम नाही हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तर आपली सभा खरी झाली पाहिजे. वनहक्काच्या नियमात निम्मी माणसं आणि त्यांत एक तृतीयांश बाया हजर पाहिजेत असं आहे, तेवढंच माप आपण या ठरावालाही लावू. बाया भट्टीवर गेल्या असतील तर सभा त्या परत आल्यावर घ्या. पण दिवाळी झाली की सगळेच भट्टीवर जाणार, म्हणून दिवाळीच्या आधी घ्या. बोललेलं सगळं लिहा, आपल्या बोलीत बोललं तर आपल्या बोलीत लिहा. एखादी म्हातारी नुसतं "आमचा म्हसोबा तिकडं हाय" एवढंच म्हणाली तर तेही लिहा.

आम्ही त्या सभागृहाबाहेर उभे होतो तेव्हा एकाने हिशेब केला. दीड हजार खुर्च्या. आपल्या चारही खोऱ्यांतली सगळी कुटुंबं आणली, पोरंटोरं धरून, तरी मागच्या रांगा रिकाम्या राहतील. तो म्हणाला, "एक सभा इथं घेतली तर काय हरकत हाय? बंदच तर पडलंय." आम्ही चेष्टेवारी नेलं. पण बैठकीत हा विषय परत निघाला आणि कुणी लगेच नाही म्हटलं नाही. त्यावर सध्या तरी आमचं काही मत नाही.

कागदांचं असं आहे. हरकत द्यायची आहे त्यांनी आजचा सातबारा, व्यवहार झाला त्याच्या आधीचा सातबारा, त्यामधले सगळे फेरफार, आठ-अ आणि जातीचा दाखला असं जमवायला लागा. जुना सातबारा हस्तलिखित असेल, त्यासाठी तहसीलच्या रेकॉर्डरूमला नकलेचा अर्ज करावा लागतो आणि पावती घ्यायची. जातीचा दाखला नसेल तर शाळा सोडल्याचा चालतो का ते वकील ताईंना विचारून पुढच्या बैठकीत सांगतो. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी पुण्याला कलेक्टर कचेरीजवळ नाही, नेहमीच्या जागी, सकाळी दहाला. एसटीचं भाडं ज्याचं त्याने आणायचं, भाकरी बांधून आणायची. आणि ज्यांच्या घरात अंगठा दिल्याचा कागद पत्र्याच्या पेटीत आहे, त्यांनी तो लाजून लपवून ठेवू नका, तोच आधी आणा.